आम्ही साखरेचे नाही!

बालमित्रांनो, जरा कल्पना करून पाहा. डिसेंबर महिना आहे. घड्याळात सकाळचे आठ वाजलेत, पण बाहेर मिट्ट काळोख! सूर्य उगवायला अजून पाऊण तास आहे. हवा इतकी गार, की बोलताना तोंडातून वाफ निघतेय. त्यात पाऊस! धो धो नाही, नुसती पिरपिर. वारा मात्र असा, की पाऊस वरून पडायचा सोडून समोरून तोंडावर येतोय. आणि साडेआठला शाळा भरणार आहे.

आता खरं सांगा, अशा दिवशी तुमच्या घरी काय झालं असतं? "आज राहू दे शाळा," असं आजी म्हणाली असती. नाहीतर बाबांनी स्कूटर बाहेर काढली असती, किंवा रिक्षा बोलावली असती. पण नेदरलँड्स या देशातली मुलं अशा वेळी रेनकोट चढवतात, दप्तर कॅरिअरला लावतात, दिवा पेटवतात आणि सायकलवर टांग मारून निघतातसुद्धा!

नेदरलँड्स हा युरोपच्या वायव्य टोकाचा, समुद्राला लागून असलेला छोटासा देश. आपल्या महाराष्ट्राचे सात भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा. माणसं साधारण १ कोटी ८० लाख आणि सायकली सव्वादोन कोटींच्या वर! म्हणजे माणसांपेक्षा सायकलीच जास्त. देश सपाट आहे, त्यामुळे चढ नाही. पण त्याची कसर वारा भरून काढतो. पाऊस वर्षाला सुमारे ८५० मिलिमीटर. हे ऐकून मुंबईची मुलं हसतील, कारण साधारण तेवढा पाऊस मुंबईत एकट्या जुलै महिन्यात कोसळतो. पण तिथं पावसाळा नावाचा वेगळा ऋतूच नाही. तो बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. जानेवारीतलं सरासरी तापमान तीन-चार अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडे फ्रीजमध्ये असतं साधारण तेवढं! अशा गारठ्यात भिजायचं म्हणजे काय, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

तिथली एक म्हण मला फार आवडते. पावसाला कुणी कुरकुरलं, की ही माणसं म्हणतात, "मी काही साखरेचा नाही!" म्हणजे, पाण्यात विरघळणार नाही. आपल्याकडेही आजी म्हणतेच की, "विरघळायला तू काय मिठाचा आहेस?" तिकडे साखर, इकडे मीठ, एवढाच फरक.

पण नुसत्या म्हणीनं कुणी कोरडं राहत नाही. मी एक हिवाळा तिथल्या उत्रेख्त नावाच्या शहरात काढला. (यातला 'ख' घसा खाकरल्यासारखा काढायचा, बरं का!) रोज सकाळी खिडकीतून ही सायकलवाली पोरं पाहता पाहता माझ्या ध्यानात आलं, की यांच्याकडे एक नाही, तीन रेनकोट असतात. एक अंगावर, एक सायकलवर आणि एक अख्ख्या गावावर!

पहिला रेनकोट : अंगावरचा

ओल्या अंगाला थंडी जास्त का वाजते, ठाऊक आहे? स्थिर हवेपेक्षा पाणी आपल्या अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून नेतं. शिवाय पाणी सुकताना आणखी उष्णता घेऊन जातं, ती वेगळीच. एक बोट ओलं करून पंख्यासमोर धरा, म्हणजे लगेच पटेल. आता सायकल चालवताना तर वारा सतत अंगावर असतो. म्हणून थंडीपासून वाचायचं असेल, तर आधी कोरडं राहायला हवं.

तिथली मुलं जाकिटाबरोबर पावसाळी विजारही घालतात. ती नेहमीच्या पँटवरून चढवायची आणि शाळेत पोचलं की काढून वाळत टाकायची. कारण सायकलवर बसलेल्या माणसाच्या मांड्या या गच्चीसारख्या असतात. पाऊस पहिला तिथंच पडतो! बुटांवर रबरी खोळ, हातात मोजे. टोपडं डोक्यावर ओढलं, की मागं वळून पाहताना मान फिरते पण टोपडं फिरत नाही, आणि बाजूनं येणारी गाडी दिसत नाही. म्हणून काही जण आत पुढं छज्जा असलेली टोपी घालतात. टोपडं तिच्याबरोबर फिरतं आणि चष्म्यावर थेंबही येत नाहीत.

पण एक पंचाईत आहे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून अंगावर प्लास्टिक घालावं, तर पायडल मारून मारून आलेला घामही बाहेर जात नाही. पाऊस बाहेरून नाही, तर घाम आतून भिजवतो! या कोड्याचं एक उत्तर अमेरिकेतल्या बॉब गोर या माणसाला १९६९ साली सापडलं. त्यानं एका खास प्लास्टिकची कांडी तापवून झटक्यात ताणली. ती तुटली नाही, उलट लांबलचक ताणली गेली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे वीस हजार पट लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे सातशे पट मोठी. म्हणजे पावसाचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. आहे की नाही गंमत? त्यातूनच 'गोर-टेक्स' नावाचं कापड निघालं.

हे कापड महाग असतं. सगळ्याच मुलांच्या अंगावर ते नसतं. पण त्याहून स्वस्त असा एक उपाय सगळ्यांना करता येतो. घाम येणार नाही इतपतच कपडे घालायचे आणि सायकल सावकाश हाणायची. घरातून निघताना जरा थंडीच वाजली पाहिजे. पाच मिनिटांत अंग गरम होतं. निघतानाच ऊबदार वाटत असेल, तर शाळेत पोचेपर्यंत घामाघूम झालात म्हणून समजा!

दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड, सीटवर बांधायला एक प्लास्टिकची पिशवी आणि बूट भिजलेच तर आत कोंबायला जुनं वर्तमानपत्र. कागद पाणी शोषून घेतो आणि बूट लवकर सुकतात. एवढं सामान पुरतं.

दुसरा रेनकोट : सायकलचा

पावसात सायकल चालवणारा माणूस वरून जेवढा भिजतो, तेवढाच खालूनही भिजतो. फिरतं चाक रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि वर भिरकावतं. मडगार्ड नसलेल्या सायकलवरून आलेल्या मुलाची पाठ पाहा. कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा! खारीच्या पाठीवर रामाची बोटं, तर याच्या पाठीवर चाकाची.

तिथली नेहमीची सायकल शर्यतीच्या सायकलीसारखी चकचकीत आणि हलकी नसते. ती असते दणकट, काळीसावळी, ताठ बसून चालवायची. दोन्ही चाकांना लांब मडगार्ड. चेन पूर्णपणे डब्यात बंद, त्यामुळे पावसानं तिचं तेल धुऊन जात नाही आणि पँटलाही काळं लागत नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पडदा, म्हणजे लांब कोट आऱ्यांत अडकायला नको. आणि सगळ्यांत हुशारीची गोष्ट म्हणजे ब्रेक. आपल्याकडे बऱ्याच सायकलींचे ब्रेक चाकाच्या रिमवर दाबतात. रिम ओली झाली, की रबर सरकतं आणि सायकल लवकर थांबत नाही. तिथल्या पुष्कळ सायकलींचा ब्रेक चाकाच्या मधोमध, तुंब्याच्या आत असतो. तिथं पाणी पोचतच नाही. काहींमध्ये तर पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो!

अशी सायकल कुठं तरी पाहिल्यासारखी वाटते ना? बरोबर! आपल्याकडचे दूधवाले वर्षानुवर्षं वापरत आले ती उंच काळी सायकल हिची चुलत बहीणच. दोघींचाही जन्म जुन्या इंग्रजी सायकलीच्या घराण्यातला.

पावसाळी अंधारात दिवा हवाच. पुढं पांढरा किंवा पिवळा, मागं लाल. तिथं अंधारात बिनदिव्याची सायकल चालवली, तर पोलीस दंड करतात. कारण दिवा आपल्याला दिसावं म्हणून जितका असतो, तितकाच आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही असतो.

तिसरा रेनकोट : गावाचा

हा रेनकोट दिसत नाही, पण सगळ्यांत मोठा आहे.

विचार करा. पाऊस पडतोय, अंधार आहे. मोटारीच्या काचेवर पाणी ओघळतंय, चालकाला नीट दिसत नाही. ब्रेक दाबला तरी गाडी घसरत पुढं जाते. आणि तिच्या शेजारून दहा वर्षांचा एक मुलगा काळ्या रेनकोटात सायकल चालवतोय. मग कितीही चांगला रेनकोट असला, तरी कुठली आई त्याला सोडेल?

नेदरलँड्समध्ये सुमारे ३५ हजार किलोमीटरचे सायकलमार्ग आहेत. पुष्कळ ठिकाणी ते लाल डांबराचे आणि मोटारींच्या रस्त्यापासून वेगळे. थंडीत बर्फ धरू नये म्हणून त्यांच्यावर मिठाचा मारा करतात. ग्रोनिंगेन शहरात तर काही चौकांतल्या सिग्नलला पाऊस ओळखणारं यंत्र लावलं. पाऊस सुरू झाला, की सायकलवाल्यांना हिरवा दिवा लवकर मिळतो. मोटारवाला छपराखाली बसलाय, तो थोडा थांबला तर काय बिघडलं?

उत्रेख्तच्या रेल्वे स्टेशनाखाली सायकली ठेवायला तीन मजली तळ आहे. २०१९ साली तो पुरा झाला. त्यात १२ हजार ५०० सायकली मावतात आणि सायकलवर बसूनच आत जाता येतं. संध्याकाळी परत आलं, की सीट कोरडी! याच शहरात २०१७ साली कालव्यावर एक सायकलपूल बांधला. त्याला डाफ्ने स्किपर्स या धावपटूचं नाव दिलंय. पुलावर चढायची वाट घसरगुंडीसारखी गोल वळण घेत जाते, आणि कुठून जाते माहीत आहे? चक्क एका शाळेच्या छपरावरून! खाली मुलं पाढे म्हणताहेत आणि डोक्यावरून सायकली चालल्या आहेत!

हा रेनकोट शिवला कुणी?

तुम्ही म्हणाल, "त्यांचं बरं आहे! त्यांच्याकडे पहिल्यापासून असंच." नाही, असं नव्हतं. आणि ही गोष्ट जरा जड मनानं सांगायची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं मोटारी झपाट्यानं वाढल्या. रस्ते रुंद झाले, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३ हजारांहून अधिक माणसं मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. कुणी शाळेत चाललं होतं, कुणी खेळून परतत होतं.

फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली. १९७२ साली त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचं शीर्षकच होतं, 'मुलांची हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईवडील मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. अॅमस्टरडॅममधल्या द पाइप या दाटीवाटीच्या वस्तीत तर मुलांनीच पुढाकार घेतला. गल्ल्या मोटारींनी भरलेल्या, खेळायला वीतभर जागा नाही. पोरांनी रस्त्यात अडथळे उभे केले आणि "ही जागा आम्हाला खेळायला द्या" अशी मागणी केली. तुमच्याच वयाची होती ती मुलं!

त्या वेळी लोकांना एक सोपा मार्ग होता. मुलांना घरात कोंडायचं आणि शाळेत मोटारीनं सोडायचं. पण त्या आईबापांनी विचारलं, "मुलांना का आवरायचं? मोटारींना आवरा!" त्यात १९७३ साली तेलाची टंचाई आली. पेट्रोल वाचवायला काही रविवार मोटारी बंद ठेवल्या गेल्या. मोकळ्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन आले आणि आपलं गाव असंही असू शकतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग एकेका गावानं रस्ते बदलायला घेतले. काही दुकानदार रागावले, भांडणं झाली, पण काम चालू राहिलं. अलीकडच्या वर्षांत लोकसंख्या कितीतरी वाढूनही रस्त्यावरच्या मृत्यूंचा आकडा सातशेच्या आसपास आहे. तोही कमी नाहीच. सायकलवरून पडून दगावणारे म्हातारे लोक ही तिथली आजची मोठी काळजी आहे. पण शाळकरी मुलांचा आकडा खूपच खाली आला.

आणि कंटाळ्याचं काय?

सगळं असलं, तरी पहाटेच्या अंधारात गोधडीतून बाहेर पडायला मन तयार व्हायला हवं ना! त्याला कुठला रेनकोट?

आमच्या शेजारी बारा वर्षांची एक मुलगी राहायची. एकदा फारच पाऊस होता. मी तिला म्हटलं, "आज तरी बाबांबरोबर मोटारीनं जा."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला पालखीतून जायला सांगत होतो!

"छे! पुलाशी तिघीजणी थांबल्या असतील ना माझ्यासाठी!"

झालं! हेच ते औषध. तिकडे खेड्यांतली मोठी मुलं शाळेसाठी एका बाजूला दहा-बारा किलोमीटरसुद्धा सायकल चालवतात, पण घोळक्यानं. वाऱ्याच्या तोंडाला आळीपाळीनं एकेक जण राहतो, बाकीचे त्याच्या आडोशानं चालतात. एकट्यानं कंटाळा येतो, चौघांनी गप्पा होतात.

दुसरं म्हणजे, पाऊस आपल्याला वाटतो तेवढा पडतच नाही. तिथल्या हवामानखात्याच्या नोंदींप्रमाणे वर्षातल्या शंभर तासांपैकी सात-आठ तासच पाऊस असतो. ढग पाहून घाबरायचं नाही. पावसाचा नकाशा पाहायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि सर गेली की निघायचं. तिथं हा नकाशा लोक येता-जाता फोनवर पाहतात.

तिसरं, शिकवण. प्राथमिक शाळेत साधारण दहा-अकराव्या वर्षी मुलांची वाहतुकीची परीक्षा होते. आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. हात कसा दाखवायचा, मागं कधी पाहायचं, सगळं त्यात येतं. ओल्या पानांवरून आणि लोखंडी झाकणांवरून जाताना वळायचं नाही, एकदम ब्रेक दाबायचा नाही. ट्रामचे रूळ तिरके नाही, तर जमेल तितके आडवे ओलांडायचे, नाहीतर चाक खाचेत अडकतं. हे त्यांना लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. येतं ते करायला भीती वाटत नाही.

आणि चौथं, थट्टा! समोरच्या वाऱ्याला रडत बसण्याऐवजी या लोकांनी त्याची शर्यतच काढली. झीलंड प्रांतात समुद्राला अडवणारा सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा एक प्रचंड बांध आहे. १९५३ च्या महापुरात नेदरलँड्समध्ये १ हजार ८३६ माणसं गेली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तो बांधला आणि १९८६ साली पुरा झाला. त्या बांधावर २०१३ पासून 'समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा' होते! तुफान वाऱ्याचा अंदाज आला, तरच ती दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात. सगळ्यांना एकसारख्या, बिनगिअरच्या साध्या सायकली. साडेआठ किलोमीटर, नाक वाऱ्यात खुपसून! हवा चांगली असली, तर स्पर्धा रद्द!

आता आपलं बघू. आपला पाऊस जूनमध्ये येतो, तो गारठवत नाही पण झोडपतो. म्हणून त्यांची प्रत्येक गोष्ट आपल्याला लागू नाही. रस्त्यावर पाणी साचलं असेल, तर त्यातून सायकल मुळीच घालू नका. खाली खड्डा आहे की उघडं गटार, ते दिसत नाही. उतरा आणि दुसऱ्या वाटेनं जा. पण मडगार्ड, दिवा, दप्तरातले कोरडे मोजे आणि कोपऱ्यावर थांबलेले मित्र, हे चार सोबती इथंही तितकेच कामाचे.

आणि तिसऱ्या रेनकोटाचं काय? त्यासाठी या रविवारी एक काम करा. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. पाणी कुठं तुंबतं, दिवा कुठं बंद आहे, रस्ता ओलांडायला भीती कुठं वाटते, तिथं तिथं लाल खूण करा. वर्गातल्या पाच-सहा जणांचे नकाशे एकत्र जोडा. मग आईबाबांना आणि बाईंना बरोबर घेऊन तो मोठा नकाशा नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नेऊन द्या. खाली सगळ्यांनी सह्या करा, इयत्तेसकट. तुम्ही लहान आहात म्हणून कदाचित कुणी हसेलही. हसू द्या. आपण काय साखरेचे आहोत?